शून्यात लागलेली नजर : एका न दिसणाऱ्या सवयीचा इतिहास

१/
आजच्या धाग्याची सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. या ओळीतल्या कोणत्याही एका शब्दाकडे पाहा आणि डोळे हळूच सैल सोडा. पडद्याच्या पलीकडे, दूर कुठेतरी पाहत असल्यासारखे. अक्षरे विरघळतील, एकाची दोन होतील, काठ पुसट होतील. पुन्हा शब्दावर या. जेमतेम दोन क्षण गेले, आणि शेजारी बसलेल्या माणसाला काही कळलेसुद्धा नाही.

२/
अनेक स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, व्यक्तींसाठी ही कृती रोजचा आसरा असते. गोंगाट वाढला, माणसे फार झाली, दिवे डोळ्यांत घुसू लागले की त्या नजर सैल सोडतात आणि जग थोडे मऊ होते. हात फडफडवणे, डोलणे, वस्तू गरगर फिरवणे या ज्या सवयींना एकत्रितपणे ‘स्टिमिंग’ किंवा स्वउद्दीपन म्हणतात, त्याच कुळातली ही सवय. इतर सवयी दिसतात, ऐकू येतात. ही मात्र पाहणाऱ्याच्या हाती लागत नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढे म्हणूनच एक चमत्कारिक पेच उभा राहतो : जी गोष्ट कुणाला दिसलीच नाही, तिचे पुरावे शोधायचे कुठे?

३/
आधी डोळ्याचे काम समजून घेऊ. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि दोन्ही बुबुळे नाकाच्या दिशेने किंचित वळतात. हा ताण सोडला की भिंग चपटे होते, बुबुळे समांतर होतात आणि जवळचे सारे धूसर होते. चेहऱ्यावरचे बारीक भाव, पाटीवरची अक्षरे, कपड्यावरची नक्षी हा सगळा तपशील गळून पडतो. मागे उरतात प्रकाश, रंग आणि ढोबळ आकार. ज्याला तपशिलाचाच भार होतो, त्याला हे धूसर जग का मानवत असेल, याची कल्पना येथे येऊ शकते.

४/
आता कागदपत्रांकडे वळू. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’. स्किझोफ्रेनियावरील १९११ च्या ग्रंथात त्यांनी तो रुग्णाने बाह्य जगाकडे पाठ फिरवून आत वळण्यासाठी वापरला. मुलांच्या निदानाशी त्याचा संबंध नंतर आला. आपला मराठी ‘स्वमग्नता’ हा शब्द त्याच मुळावर उभा आहे. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक निकालही दडलेला आहे : हे मूल स्वतःतच बुडालेले आहे, बाहेर पाहतच नाही. पुढचा बराचसा इतिहास या निकालाभोवती फिरतो.

५/
ऑक्टोबर १९३८. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांपुढे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट गावचा पाच वर्षांचा डोनाल्ड ट्रिपलेट आला. त्याच्याआधी वडिलांचे टंकलिखित पत्र पोहोचले होते : तब्बल ३३ पाने! मुलाच्या सवयींची इतकी बारकाईने केलेली नोंद त्या काळात विरळाच. ठोकळे, तवे, जे गोल फिरेल ते तो फिरवी आणि आनंदाने नाचे. १९४३ मध्ये कॅनर यांनी ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला, त्यातले पहिले प्रकरण डोनाल्डचे.

६/
त्या निबंधात मुलांच्या नजरेविषयी वारंवार लिहिलेले आढळते. माणसांच्या चेहऱ्याकडे न पाहणारी, माणसे खोलीत असूनही नसल्यासारखी वागणारी मुले. त्यांपैकी काही बहिरी असावीत, असा घरच्यांचा समज झाला होता. कॅनर यांचे निरीक्षण चोख आहे, याबद्दल वाद नाही. परंतु नोंद घेणारा टेबलाच्या या बाजूला आहे. मूल कुठे ‘पाहत नाही’ हे तो लिहितो. त्या वेळी मुलाला काय दिसत आहे, हे विचारण्याची सोय त्या निबंधात नाही. मूळ साधन वाचताना ते कुणाच्या खुर्चीवरून लिहिले गेले, हे पाहावे, असे आपण बखरींच्या बाबतीत नेहमी म्हणतो. वैद्यकीय कागदांनाही तोच नियम लावायला हवा.

७/
एक वर्षानंतर, १९४४ मध्ये, महायुद्धाच्या धुमाळीत व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी जर्मन भाषेत आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात चार मुलांची सविस्तर प्रकरणे आहेत. ही मुले शून्यात पाहतात, नजर कशावर ठरत नाही, हे त्यांनीही नोंदवले. पण पुढे ते एक पाऊल अधिक टाकतात. ही मुले बहुधा नजरेच्या कडेने जग टिपत असावीत, आणि पुढे कधीतरी लक्षात येते की आजूबाजूचे आश्चर्यकारक प्रमाणात त्यांनी टिपून घेतले आहे, अशा आशयाचे निरीक्षण त्यांनी मांडले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य. नजर धूसर असणे आणि मन गैरहजर असणे, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या.

८/
येथे थांबून दुसरी बाजू सांगणे भाग आहे. हेच आस्परगर नाझी राजवटीतील व्हिएन्नात काम करीत होते. शहरातील ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत अपंग ठरवलेल्या मुलांना मारले जाई. तेथे ७८९ मुलांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये जुनी कागदपत्रे धुंडाळून दाखवून दिले की आस्परगर यांनी काही मुलांना त्या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षी एडिथ शेफर यांचे पुस्तकही याच विषयावर आले. ज्या लेखणीने मुलाच्या नजरेचे इतके हळुवार वर्णन केले, तीच लेखणी दुसऱ्या मुलाच्या कागदावर असे शेरे लिहीत होती. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. दोन्ही एकत्र वाचाव्या लागतात, आणि ते वाचन सुखाचे नाही.

९/
आस्परगर यांचे ते वाक्य मात्र जर्मन भाषेतच अडकून पडले. इंग्रजी जगाला त्यांच्या कामाची ठळक ओळख करून दिली लोर्ना विंग यांनी, १९८१ मध्ये. आणि उटा फ्रिथ यांनी संपूर्ण निबंधाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला तो १९९१ मध्ये. म्हणजे ४७ वर्षे! या मधल्या काळात अमेरिकेत काय घडले, ते आता पाहू.

१०/
१९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांचे गाजलेले पुस्तक आले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘रिकामा किल्ला’. मूल म्हणजे तटबंदी, आत कुणी नाही, आणि दोष आईवडिलांच्या थंड वागण्याचा, असा त्यांचा सूर. या सिद्धान्ताने असंख्य मातांना अपराधी ठरवले आणि पुढे तो साफ कोसळला. (सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेल्या आपल्या मंडळींना हे रूपक तसेही पटणार नाही. दुरून ओसाड वाटणाऱ्या गडावर पाण्याचे टाके कुठे आहे, हे वर गेल्याशिवाय कळत नाही.)

११/
दुसरा प्रवाह वर्तनवाद्यांचा. मूळचे नॉर्वेचे ओले इव्हार लोव्हास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात काम करीत. मुलाच्या मनात काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. दिसते ते वर्तन मोजायचे आणि बदलायचे. डोलणे, हात फडफडवणे यांना त्यांनी ‘स्वउद्दीपन’ या सदरात घातले आणि शिकण्यातील अडथळा ठरवले. १९६५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या दोन जुळ्या मुलांवरील प्रयोग छापला. जमिनीवर विजेचा धक्का देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, त्यावर अनवाणी मूल. मोठ्या माणसाजवळ गेले की धक्का बंद. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लाइफ’ या लोकप्रिय साप्ताहिकाने लोव्हास यांच्या पद्धतीवर छायाचित्रांसह लेख छापला. त्याच्या शीर्षकातच किंकाळ्या, थपडा आणि प्रेम हे तीन शब्द शेजारी शेजारी बसले होते. त्या काळच्या वाचकांना तो बहुतांशी आशेचा लेख वाटला, हे आज वाचताना अंगावर येते.

१२/
लोव्हास यांची बाजू न्यायाने मांडायची तर त्यांच्याकडे पुरावाही होता. १९७१ च्या एका प्रयोगात न बोलणारी स्वमग्न मुले स्वउद्दीपनात गुंतलेली असताना आवाजाला उशिरा प्रतिसाद देतात, असे दिसले. १९७२ मध्ये कोगल आणि कोव्हर्ट यांनी नोंदवले की ही सवय दाबल्यावर मुले ठरावीक धडा शिकू लागली. त्या काळी अशा मुलांपुढे दुसरा पर्याय बहुधा आयुष्यभर संस्थेत कोंडून राहण्याचा होता. पालक या पद्धतीकडे का धावले, हे समजण्यासारखे आहे. परंतु शिकवणीच्या आरंभीच्या धड्यांत एक आज्ञा हमखास असे : माझ्याकडे पाहा. नजर भिडली की खाऊ.

१३/
म्हणजे हात मांडीवर स्थिर, पाय जमिनीवर, नजर शिक्षकाच्या डोळ्यांत. सारे दृश्य वर्तन बंदिस्त झाले. आता अशा मुलाकडे उरलेली पळवाट कोणती? शिक्षकाच्या चेहऱ्याच्या दिशेने डोळे ठेवायचे आणि आतून ताण सोडून द्यायचा. कोणत्या मुलाने असे किती वेळा केले, याची नोंद प्रयोगाच्या तक्त्यात मिळणार नाही, कारण तक्त्यात रकाना होता तो नजर वळली की नाही याचा. मी येथे अनुमान करतो आहे, हे स्पष्ट सांगतो. पण ते हवेतले अनुमान नाही. नंतरच्या आत्मकथनांनी त्याला आधार दिला आहे. तिकडे येऊच.

१४/
त्याआधी एका ताटलीची गोष्ट. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आर्नोल्ड रिंकोव्हर या संशोधकाने टेबलावर ताटली गरगरा फिरवणाऱ्या एका मुलाचा अभ्यास केला. शिक्षा नाही, धक्का नाही. त्याने टेबलावर फक्त गालिचा अंथरला. ताटली फिरत राहिली, पण आवाज बंद झाला. आणि मुलाने फिरवणे सोडून दिले. मूल ताटली फिरवत नव्हतेच, ते ताटली ऐकत होते! सवय मोडण्यासाठी रचलेल्या प्रयोगाने नकळत सवयीचा अर्थ उघड केला. पुढे १९८७ मध्ये खुद्द लोव्हास यांनी सहकाऱ्यांसह लिहिले की अशा कृती त्यांतून मिळणाऱ्या संवेदनेमुळेच टिकून राहतात. रिकाम्या किल्ल्यात कुणीतरी होते तर.

१५/
थोडे विषयांतर, पण मजेदार. १९५९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील बेला युलेझ यांनी ठिपक्यांच्या चित्रांतून खोलीचा भास निर्माण करून दाखवला. १९७० च्या दशकाच्या शेवटी क्रिस्टोफर टायलर यांनी तोच भास एकाच चित्रात आणला, आणि १९९३ मध्ये ‘मॅजिक आय’ नावाचे पुस्तक अमेरिकेत आले. नजर सैल सोडा, चित्राच्या पलीकडे पाहा, म्हणजे लपलेली आकृती वर येईल! लाखो लोक पोस्टरपुढे डोळे सैल सोडून तासन्तास उभे राहू लागले. अगदी त्याच काळात ‘शून्यात पाहतो’ हा शेरा एखाद्या मुलाच्या तपासणीच्या कागदावर लक्षण म्हणून लिहिला जात होता. डोळ्यांचा स्नायू तोच. नाव कोण देतो, त्यावर खेळ की विकार हे ठरले.

१६/
आणि आता पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडून आवाज येतो. १९८६ मध्ये टेम्पल ग्रँडिन यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. बालपणी बोटांतून वाळू सोडत त्या एकेक कण न्याहाळत, आणि तेव्हा भोवतालचा कोलाहल बंद होई, असे त्यांनी लिहिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी साक्ष डोना विल्यम्स या ऑस्ट्रेलियन लेखिकेची. १९६३ चा जन्म; १९९२ मध्ये आत्मचरित्र. लहानपणी त्यांना हवेत ठिपके तरंगताना दिसत. त्या ठिपक्यांत हरवून जाण्यासाठी त्या मधल्या साऱ्या गोष्टींच्या आरपार पाहत. माणसे समोर येऊन काहीतरी बडबडत. ती त्यांच्या दृष्टीने देखाव्याआड येणारा अडथळा. चेहरा शांत, नजर आरपार. मग थप्पड बसे.

१७/
हा उतारा कॅनर यांच्या निबंधाशेजारी ठेवून वाचावा. प्रसंग जवळजवळ तोच आहे : मूल माणसाकडे न पाहता माणसाच्या पलीकडे पाहते. पहिल्या कागदात तो अभाव आहे. दुसऱ्यात ती कृती आहे. तिला हेतू आहे, कारण आहे, सुख आहे, आणि तिची किंमतही मोजलेली आहे. आस्परगर यांच्या वाक्याचा इंग्रजी अनुवाद १९९१ चा आणि विल्यम्स यांचे पुस्तक १९९२ चे. बाहेरून पाहणाऱ्याचा तर्क आणि आतल्याची साक्ष अवघ्या एका वर्षाच्या अंतराने इंग्रजी वाचकांपुढे आली, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

१८/
१९९२ मध्येच जिम सिंक्लेअर, कॅथी लिस्नर आणि याच डोना विल्यम्स यांनी स्वमग्न व्यक्तींनी स्वतः चालवलेली एक संघटना सुरू केली. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून भाषण केले : आमच्यासाठी शोक करू नका. पुढे २०११ मध्ये ज्युलिया बास्कम यांनी ‘शांत हात’ या वर्गातल्या आज्ञेवर लिहिलेला लेख घरोघरी पोहोचला. जॉन एल्डर रॉबिसन यांनी २००७ च्या आपल्या आत्मचरित्राला शीर्षकच दिले होते ते मोठ्यांच्या दटावणीचे : माझ्या डोळ्यांत बघ.

१९/
शास्त्राची गाडी मागून आली. २००७ मध्ये मॉन्ट्रियलच्या लॉरां मोत्रों यांच्या गटाने लहान स्वमग्न मुलांच्या तिरक्या नजरेचा अभ्यास केला आणि सुचवले की नजरेच्या कडेने पाहून ही मुले तपशिलाचा अतिरेक आटोक्यात ठेवत असावीत. आस्परगर यांच्या कडेच्या नजरेची येथे आठवण होते. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने संवेदनांना मिळणारा कमी-अधिक प्रतिसाद प्रथमच निकषांत घेतला. २०१७ मध्ये नूशिन हाजिखानी आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले की स्वमग्न व्यक्तींना चेहऱ्यातील डोळ्यांच्या भागाकडेच पाहायला लावले, तर मेंदूच्या खोलवरच्या भागांत वाजवीपेक्षा जास्त खळबळ उडते. ‘माझ्याकडे पाहा’ या धड्याची किंमत अशी उशिरा मोजली गेली.

२०/
२०१९ मध्ये स्टीव्हन कॅप, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, यांनी सहकाऱ्यांसह तिसेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींना स्टिमिंगबद्दल विचारले. उत्तरांत एक सूर स्पष्ट होता : याने मन थाऱ्यावर येते. दुसरा सूर अधिक खिन्न होता : लोकांत आम्ही हे दाबतो किंवा कमी दिसणाऱ्या सवयीत बदलतो. न दिसणाऱ्या सवयीचा इतिहास का लिहायचा, याचे कारण या दुसऱ्या सुरात आहे. काहींना ती आपसूक सापडली असेल. काहींनी मात्र दिसणारी सवय हिरावली गेल्यावर तिच्याकडे आसरा घेतला.

२१/
एक सावधगिरीची नोंद, कारण हा धागा पालकही वाचतील. शून्यात लागलेली प्रत्येक नजर म्हणजे स्टिमिंग नव्हे. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद टक लावून थिजते, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही आणि नंतर त्याला काही आठवत नाही. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. असे झटके वारंवार दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. मेंदूच्या विद्युत आलेखावरून बराच उलगडा होतो. जुन्या प्रकरणांतील ‘टक लावून पाहतो’ या शेऱ्यामागे काय होते, हे मात्र आता कुणालाही सांगता येणार नाही.

२२/
आपल्याकडचे थोडक्यात. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या भारतीय कायद्यात सात प्रकारांची यादी होती, तीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच ती आली, आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत तिला जागा मिळाली. मराठीत मात्र या नजरेसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता : तंद्री लागली, ब्रह्मानंदी टाळी लागली, कुठे हरवलास. यातले काही प्रेमाने म्हटले जातात, काहींच्या मागोमाग डोक्यात टपली येते.

२३/
डोनाल्ड ट्रिपलेट यांचे काय झाले, हे विचारणारे निघतीलच. गावाने त्यांना सांभाळून घेतले. ते शिकले, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, एकट्याने जगभर हिंडले आणि जून २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी, फॉरेस्ट गावातच वारले. वडिलांच्या त्या ३३ पानांत त्यांच्या बालपणाचे इतके तपशील आहेत. ठोकळे फिरताना त्यांना स्वतःला काय दिसत होते, ते त्यांत नाही.

२४/
म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी स्वमग्न असेल, किंवा घरात कुणी असेल, आणि नजर सैल सोडल्यावर काय दिसते, कधी सोडावीशी वाटते, शाळेत त्यावरून काय ऐकावे लागले हे सांगावेसे वाटत असेल, तर खाली मराठीत लिहा. नाव देण्याची गरज नाही. साल आणि इयत्ता आठवत असेल तर तेवढी जरूर लिहा.